रिकामा पाय, भरलेला पाय

मृगाचा पाऊस दोन-तीन दिवस लागून पडला की बाभुळगावच्या शिवारात चालणं हे वेगळंच काम होऊन बसतं. काळी माती पायाला धरते आणि सोडत नाही. चप्पल घालून पांदणीत शिरलेला माणूस दहाव्या पावलाला चप्पल हातात घेतो, आणि आणखी वीस पावलांनी त्याच्या तळव्यांना एवढाले गोळे लटकलेले असतात. शहरातून आलेला पाहुणा अशा वेळी काय करतो, ते मी धुऱ्यावर उभं राहून पुष्कळदा पाहिलं आहे. तो अडकलेला पाय ओढतो. जो पाय सुटायला हवा, त्यालाच जोर लावतो. मग उभ्या पायावरचा तोल जातो आणि तो दोन्ही हात टेकतो. आमचा सालदार त्याच चिखलातून डोक्यावर खताची चुंगडी घेऊन जायचा आणि वाटायचं, हा सडकेवरूनच चालला आहे. त्याची टाच आधी सुटायची, तिच्याखाली हवा शिरली की बाकीचा तळवा आपसूक मोकळा व्हायचा. तोवर सगळा जीव दुसऱ्या पायात. मी रडकुंडीला आलो की तो मागं न बघता म्हणायचा, "आंधी पाय टेकव, मंग भार दे. घाई कायची हाये?"

हे वाक्य मी साठ वर्षांनी पुन्हा ऐकलं, ते या पुस्तकाच्या लेखिकेकडून. ती आमच्याच शाळेची विद्यार्थिनी. पुढे फिजिओथेरपी शिकली, पुण्यात राहिली, आणि तिथं ताई ची व बाग्वा या चिनी युद्धकलांच्या नादी लागली. एका दिवाळीच्या सुट्टीत तिनं शाळेच्या मैदानात कडुलिंबाभोवती मला चालून दाखवलं. मी आयुष्यभर मुलांना लाठी, लेझीम, कबड्डी शिकवलेला माणूस. पहिल्या मिनिटाला मला हसू आलं, दुसऱ्या मिनिटाला आलं नाही. ती म्हणाली, "सर, आता तुम्ही चला." मी चाललो. चार पावलांत तिनं थांबवलं आणि विचारलं, "उचलता तो पाय आधी रिकामा का करत नाही?" त्या प्रश्नाचं उत्तर देता न आल्यानंच बहुधा प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं असावं.

पुस्तकाचा विषय एका ओळीत सांगायचा तर आंतरिक म्हटल्या जाणाऱ्या युद्धकलांमधलं चालणं, आणि त्या चालण्यात पायांनी कुठं किती जोर लावायचा, हा आहे. मराठीत या विषयावर सलग असं काही नाही. म्हणून नव्या वाचकासाठी आधी जमीन थोडी नांगरून ठेवतो.

'आंतरिक' या शब्दापासूनच गोंधळ सुरू होतो. चिनीत याला नेइज्या म्हणतात. आतल्या घराण्याची विद्या, असा साधारण अर्थ. १६६९ साली ह्वांग झोंगशी नावाच्या पंडितानं वांग झेंगनान या आपल्या परिचित योद्ध्याचा समाधिलेख लिहिला. त्यात त्यानं शाओलिनची बाह्य विद्या आणि तिच्या उलट आंतरिक विद्या, अशी विभागणी केली. जुन्यात जुना लेखी उल्लेख हाच. ह्वांग हा मिंग राजवटीशी इमान राखणारा माणूस आणि गादीवर आलेले मांचू बाहेरचे. त्यामुळे त्या आत-बाहेरच्या भाषेत कुस्तीपेक्षा राजकारण जास्त आहे, असं मानणारे अभ्यासकही आहेत. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुन लुतांग (१८६०–१९३३) यानं ताई ची, बाग्वा आणि शिंगयी या तिन्ही कला स्वतः शिकून, १९१५ पासून त्यांवर पुस्तकं लिहून, तिन्हींना एका कुळात आणलं. आज आपण ज्यांना आंतरिक कला म्हणतो, ती यादी प्रामुख्यानं त्याच्या काळापासून रूढ झाली. म्हणजे परंपरा जुनी, पण तिच्यावरची पाटी तशी नवी.

तिघींतली ताई ची सगळ्यांत ओळखीची. हेनान प्रांतातलं चेन कुळाचं गाव तिचं मूळ मानतात. तिथून यांग लुचान (१७९९–१८७२) यानं ती पेकिंगला नेली. त्याचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६) यानं तिला आज बागेत दिसतो तो संथ, ऐसपैस घाट दिला. पुढे वू, हाओ, सुन अशी घराणी फुटली. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा खात्यानं चोवीस हालचालींचा छोटा संच बसवला आणि जगभर पसरला तो मुख्यतः हाच. २०२० साली युनेस्कोनं ताई चीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. या कलेत पावलाला मांजरीची उपमा देतात. मांजर भिंतीवरून जाताना पंजा आधी ठेवते, चाचपते, मग अंग पुढे आणते. पटलं नाही तर पंजा परत घेते. तो परत घेता येणं, हे ताई चीच्या पावलाचं सगळं मर्म.

शिंगयीवर मी फार थांबत नाही. भाल्याच्या हालचालींशी नातं सांगणारी, सरळ रेषेत घुसणारी ही विद्या आहे. पुढचा पाय जमिनीवर पडतो आणि मागचा लगेच अर्धं पाऊल सरकून त्याच्या मागं येतो. ज्यांनी भाल्याची फेक शिकवली आहे, त्यांना हे बघताक्षणी कळेल.

बाग्वा मात्र चालण्याचीच विद्या आहे. तिथं चालणं ही पूर्वतयारी नाही, तोच मुख्य अभ्यास. या कलेचा ज्ञात आद्यपुरुष दोंग हायच्वान. तो पेकिंगमधल्या एका राजपुत्राच्या वाड्यावर नोकरीला होता आणि १८८२ मध्ये वारला. त्याच्याकडे येणारे शिष्य बहुतेक आधीच कुठल्या तरी विद्येत मुरलेले असायचे, आणि तो ज्याची जी विद्या असेल तिच्यावरच कलम करायचा. बाकी सगळं शिष्यागणिक वेगळं, एक गोष्ट सर्वांना सारखी होती : वर्तुळात चालणं. एका झाडाभोवती, कंबर मध्याकडे वळवून, तासन् तास. त्याचे दोन शिष्य पुढे दोन मोठ्या शाखांचे धनी झाले. यिन फू (१८४०–१९०९) आणि चेंग टिंगह्वा (१८४८–१९००). हा चेंग मुळात कुस्तीगीर आणि धंद्यानं चष्मेवाला. लोक त्याला 'चष्मेवाला चेंग' म्हणूनच ओळखत. १९०० च्या धामधुमीत पेकिंगमध्ये जर्मन शिपायांच्या गोळ्यांनी तो गेला. कुस्तीगीर असल्यानं त्याच्या पावलात जोडीदाराच्या मागं वळसा घालून जाण्याची ओढ आहे. मला ही शाखा जवळची वाटली, त्याचं कारणही तेच असेल. पहिलवान माणूस पहिलवानाची चाल लांबूनही ओळखतो.

याच कुळातली चौथी धाकटी बहीण यीच्वान. शिंगयीत वाढलेल्या वांग श्यांगझाय (१८८५–१९६३) यानं ठरावीक हालचालींचे संच टाकूनच दिले. ठेवलं काय, तर झाडासारखं उभं राहणं आणि त्यातून निघणारी एक अतिसंथ चाल. तिला घर्षणाचं पाऊल म्हणतात. पाय जमिनीला न लागता, पण जणू कशाला तरी घासत, अर्धवर्तुळातून पुढे येतो. ती चाल पाहिली तेव्हा मला डवऱ्यामागं चालणारी माणसं आठवली. डवरा पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून जातो, आणि माणसाला रोपं न तुडवता, बैलांच्या चालीनं, पाय आत घेत चालावं लागतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. असा सारखेपणा दिसला की आपल्याकडे लगेच बोधिधर्म निघतो. दक्षिणेतून एक भिक्षू चीनला गेला, त्यानं शाओलिनच्या साधूंना व्यायाम शिकवला आणि सगळ्या युद्धकला आपल्याच, अशी ती कथा. तिचा आधार असलेला ग्रंथ बोधिधर्मानंतर हजार-अकराशे वर्षांनी, सतराव्या शतकात, रचला गेला असं अभ्यासक दाखवतात, आणि हे दाखवणारांत चिनी अभ्यासकच पुढे होते. लेखिकेनं या कथेला पुस्तकात जागा दिलेली नाही याचा मला आनंद वाटला. डवऱ्यामागचा शेतकरी आणि पेकिंगचा चष्मेवाला यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. दोघांनाही दोन पाय होते आणि खाली जमीन होती, एवढं नातं पुरेसं आहे.

आता आपल्याकडचं. मराठीत या सगळ्याला एक नेमका शब्द आहे : पवित्रा. लाठी, फरी-गदगा, दांडपट्टा, बोथाटी, कुस्ती, सगळीकडे पहिला धडा पवित्र्याचा. म्हणजे उभं कसं राहायचं आणि तिथून पाय कुठं टाकायचा. पट्ट्यात तर मनगट अडकलेलं असतं. पातं वळवायचं म्हणजे अख्खं अंग वळवावं लागतं, आणि अंग वळायचं तर आधी पाय. आज हा शब्द वर्तमानपत्रांत पुढाऱ्यांसाठी राखीव झाला आहे. अमक्यानं आक्रमक पवित्रा घेतला, तमक्यानं पवित्रा बदलला. पायातला शब्द तोंडात जाऊन बसला, आणि पायांकडे काही उरलं नाही.

विदर्भात ही विद्या टिकली ती मोठ्या प्रमाणात अमरावतीमुळे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान आखाड्याचं पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. यवतमाळ जिल्ह्यातल्या कित्येक शाळांत व्यायामशिक्षक आले ते अमरावतीचं पाणी पिऊनच. त्याच सुमाराला बडोद्याहून द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली व्यायाम ज्ञानकोशाचे खंड निघू लागले. एकूण दहा. इतकं मोठं काम मराठीत आहे, हे आजच्या खेळाडूंना सांगितलं तर विश्वास बसत नाही. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचं महाराष्ट्रीय मंडळ, बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा, कोल्हापुरात शाहू महाराजांनी वाढवलेली कुस्ती आणि १९१२ चं खासबाग मैदान, अशी केंद्रं होती.

पण त्या साऱ्या काळाला एक घाई होती. गुलाम देशातली मुलं शेकड्यांनी उभी करायची होती. शेकडा मुलांना एकदम शिकवायचं तर हुकूम हवा, आकडे हवेत, आणि पाऊल दिसायला हवं, ऐकू यायला हवं. त्यामुळे पवित्रा चौकोनी झाला. एक, दोन, तीन, चार. पाय कुठं पडला हे शिक्षकाला दिसतं, पण भार कुठं आहे हे दिसत नाही, म्हणून ते शिकवण्यातून गळालं. हा दोष मी कुणा पूर्वसुरींवर ढकलत नाही. मीच तीस वर्षं लेझमीच्या तासाला "पाय आपटा, आवाज आला पाहिजे" असं ओरडत आलो. आवाज येणारा पाय हा नेहमी भरलेला पडलेला पाय असतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

मुद्द्यावर येतो, कारण पुस्तकाचा आत्मा तिथं आहे. माणसाचं रोजचं चालणं ही खरं तर सावरलेली पडझड असते. आपण अंग पुढे झोकतो आणि पडायच्या आत पाय खाली घालतो. यात लबाडी नाही, उलट मोठी काटकसर आहे. उलट्या लंबकासारखं अंग पायावरून झुलतं आणि चढताना घातलेली शक्ती उतरताना बरीचशी परत मिळते. चालण्याच्या एका फेऱ्यात प्रत्येक पाय साधारण साठ टक्के वेळ जमिनीवर असतो, चाळीस टक्के हवेत, आणि दोन्ही पाय एकदम टेकलेले असा वेळ जेमतेम वीस टक्के. निसर्गानं कमी खर्चात बांधलेलं यंत्र आहे ते. मात्र पाऊल एकदा निघालं की परत बोलावता येत नाही. केळीच्या सालीवर, ओल्या फरशीवर किंवा समोर लाठी घेऊन उभ्या माणसापुढे, हेच महागात पडतं.

आंतरिक कलांनी ही काटकसर मुद्दाम मोडली. पाय आधी ठेवायचा, भार नंतर द्यायचा. मधल्या काळात सगळं अंग एका पायावर. लंबकाची झुलती शक्ती गेली, म्हणून हे चालणं संथ असूनही दमवतं. नवशिक्याला वाटतं, संथ म्हणजे सोपं. दोन मिनिटांत त्याची मांडी थरथरते.

जोर कुठं लावायचा, हा प्रश्न इथून सुरू होतो, आणि नवशिके तो हमखास उलटा सोडवतात. चालणारा पाय दिसतो म्हणून त्यालाच कामाला लावतात : गुडघा उचलतात, पोटरी ताणतात, पाऊल फेकतात. लेखिका सांगते ते थोडक्यात असं. काम करतो तो उभा पाय. पुढे जाणारा पाय मांडीच्या सांध्यापासून सैल, दोरीला बांधलेल्या पोहऱ्यासारखा. उभा पाय जांघेत घडी घालून थोडा खाली बसला की मोकळा पाय पुढे जायला वाट मिळते. टेकल्यानंतरही भार ढकलायचा नाही. मागच्या गुडघ्यानं रेटा दिला की पुढचा गुडघा आत कोसळतो. भार ओतायचा. एका गुंडातलं पाणी दुसऱ्या गुंडात ओतावं तसा, धार न तुटता, थेंब न सांडता. मागचा पाय पुरता रिता झाला, त्यातला शेवटचा थेंब गेला, की तो उचलावा लागत नाही. तो उचललेलाच असतो. आणि या सगळ्यात डोक्याची उंची बदलायची नाही.

चिनी लोक या दोन पायांना रिकामा आणि भरलेला म्हणतात. मला हे शब्द आवडले, कारण त्यात कमजोर आणि बळकट असा भेद नाही. रिकामा पायही जागा असतो.

गुडघ्याबद्दल इशारा द्यायलाच हवा. मी स्वतः एका गावच्या एका शिबिरात, उत्साहानं, खूप खाली बसून चाललो आणि तीन महिने जिना चढायला मुकलो. खाली बसण्यात पुरुषार्थ आहे असं तिथं शिकवत होते. लेखिकेचा नियम साधा आहे आणि फिजिओथेरपिस्टला शोभणारा आहे : मांडी भाजली तर भाजू द्या, गुडघा बोलला तर थांबा. उंची आपल्या वयानं ठरवा, गुरूच्या फोटोवरून नाही.

आता आमचं भांडण. बाग्वातल्या पावलाला चिखलातलं पाऊल म्हणतात. त्यात टाच-चवडा असा क्रम नसतो. तळवा जमिनीला समांतर, बोटभर उंचीवरून, घोट्याला घोटा घासून पुढे सरकतो आणि सपाट टेकतो. लेखिकेनं मसुद्यात लिहिलं होतं, की वाचकानं चिखल कल्पावा. मी म्हटलं, बाई, बाभुळगावात चिखल कल्पायचा? आषाढात मी शेतात जाऊन करून बघितलं. पाऊल सपाट उचलायला गेलो आणि पाय जागचा हलला नाही. काळ्या मातीत तळव्याखाली पोकळी धरते, तिथं टाच आधी सोडल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे चिनी म्हण खोटी? आठ दिवसांनी बेंबळा नदीच्या काठावर गेलो. तिथं घोटाभर पाणी आणि खाली मऊ, निसरडा गाळ. त्यात टाच टेकवून चालणारा पडतो. सपाट पाय, हळूच पुढे सरकवून, खालची जमीन चाचपत भार द्यावा लागतो. हेच ते बाग्वाचं पाऊल. मूळ चिनी शब्दात चिखल तुडवणं नाही, पाण्या-चिखलातून वाट काढत जाणं आहे, हे मग तिनंच शोधून सांगितलं. तेव्हा चिखल दोन आहेत. शेतातला चिकट चिखल पाय रिकामा करायला शिकवतो, नदीकाठचा पातळ गाळ पाय ठेवायला. ताई चीची टाच पहिल्याची, बाग्वाचा सपाट तळवा दुसऱ्याचा. लेखिकेनं हा भाग नव्यानं लिहिला, आणि पुस्तकातला तो सर्वांत चांगला भाग झाला आहे असं मला वाटतं. त्यात माझा हात आहे म्हणून नव्हे, असं म्हणणार होतो, पण थोडं त्यामुळेही असेल.

या विषयाची आत्ताच गरज का? खिशातला फोन पावलं मोजतो. रोज दहा हजार, हा आकडा कुठल्या वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एक पाऊलमोजणी यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. चालावं हे खरंच, पण बाभुळगावच्या यवतमाळ रोडवर सकाळी फिरायला निघालेली निवृत्त मंडळी मी बघतो. दोन्ही पाय फरफटत, टाचा आपटत, कानाला फोन लावून चाललेली. आकडा पुरा होतो, पण पायाला काही कळत नाही. ज्या पिढीनं उकिडवं बसून जेवण केलं, निंदण केलं, तिला खुर्ची आणि कमोड मिळाले आणि मांडीची घडी दहा वर्षांत गेली. म्हातारपणी माणूस पडतो तो बहुधा वळताना, किंवा उंबरठा ओलांडताना. नेमकं तिथंच, जिथं भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो.

ताई चीचा इथं उपयोग होतो याला पुरावे आहेत. अमेरिकेत अटलांटात सत्तरीपुढच्या २०० माणसांवर झालेल्या प्रयोगात, ताई ची शिकलेल्यांत वारंवार पडण्याचा धोका जवळपास निम्म्यानं कमी झाला, असं १९९६ मध्ये छापून आलं. २०१२ साली ओरेगॉनमधल्या १९५ कंपवाताच्या रुग्णांवरच्या अभ्यासात त्यांचा तोल सुधारलेला आणि पडणं घटलेलं दिसलं. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यानं अनेक प्रयोग एकत्र मांडून, ताई चीनं पडण्याचं प्रमाण एकोणीस टक्क्यांच्या आसपास उतरतं असं म्हटलं. पहिला आकडा मोठा, शेवटचा बेताचा. लेखिकेनं दोन्ही दिले आहेत आणि बेताच्या आकड्यावर विश्वास ठेवायला सांगितलं आहे. 'ची' म्हणजे प्राणशक्ती वगैरे गोष्टींवर तिनं पानं खर्च केली नाहीत. ज्यांना त्यातच रस आहे त्यांची निराशा होईल.

पुस्तक काय करू पाहतं, तेही सांगतो. ते मारामारी शिकवत नाही. हालचालींचे लांबलचक संचही देत नाही. फक्त उभं राहणं, एक पाय रिकामा करणं, ठेवणं, ओतणं, वळणं आणि वर्तुळात चालणं. शब्द शक्य तिथं मराठी घेतले आहेत. ठाण, पवित्रा, घडी, भार, ओत. चिनी शब्द आले तिथंही ते समजावून आले आहेत. चित्रांत बाणांपेक्षा भाराच्या छटा दाखवल्या आहेत. काळा पाय भरलेला, पांढरा रिकामा, आणि मधले राखाडी. ही कल्पना मला फार आवडली.

एक तक्रार राहते. बायकांच्या चालीवर तिनं दोनच पानं लिहिली आहेत. नळ येण्याआधी आमच्याकडे डोक्यावर दोन गुंड, काखेत तिसरा घेऊन विहिरीवरून येणाऱ्या बाया मी रोज बघायचो. डोक्याची उंची रेसभर हलत नसे, आणि बोलणंही थांबत नसे. केनियातल्या बायका आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं ओझं डोक्यावर घेऊन जादा शक्ती न खर्चता चालतात, असं १९८६ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. तसं आपल्याकडे कुणी मोजलं आहे का, हा प्रश्न तिच्या पुढच्या पुस्तकासाठी ठेवतो. वारीतली पावलीही तिनं ओझरती घेतली आहे. पलीकडे वर्धेच्या काठावर कौंडिण्यपूर आहे, तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला पायी जाते. दिवसभर चालून मुक्कामाला आल्यावर टाळावर पुन्हा पावली खेळणारे म्हातारे पाय मी पाहिले आहेत. त्यांच्यात जोर कुठं असतो, हे बघायला तिनं एकदा त्यांच्यासोबत चालावं.

मी आता रोज पहाटे त्याच कडुलिंबाभोवती चालतो. आठ पावलांत एक वर्तुळ, दहा उजवीकडून, दहा डावीकडून. गवत जाऊन गोल वाट पडली आहे. सुरुवातीला फिरायला येणारे थांबून विचारायचे, "सर, काई हारपलं काय?" आता विचारत नाहीत. एक-दोघं मागं येऊन चालायला लागले आहेत, पण ते बोलतात फार. मागच्या आठवड्यात नातवानं माझ्या चालण्याचा व्हिडिओ काढून लेखिकेला पाठवला. संध्याकाळी तिचा फोन आला. प्रस्तावना कुठवर आली, हे तिनं विचारलंच नाही. म्हणाली, "सर, डावा बरा आहे. उजवा अजून भरलेलाच उचलता."